‘मागे कोण’चा रकाना

परबकाकांच्या घरी कुणी गेलं की ‘ये, बस’ म्हणायच्या आधी ते उठून पंखा बंद करायचे. मे महिना असो, पाहुणा भांडुप स्टेशनपासून चालत चढ चढून आलेला असो, पंखा बंद. मग मान थोडी तिरकी करून दोन क्षण ऐकायचे. खोली शांत झाल्याची खात्री पटली की म्हणायचे, “हां. आता बोल.”

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाम पुसू की बोलू, हेच मला कळेना. माझी आई त्यांच्याकडे सहा वर्षं चपात्या करत होती. तिनेच त्यांना सांगितलं होतं की माझी मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आईला वाटायचं, मला कॉम्प्युटरचं सगळंच येत असणार. तसं नव्हतं. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि वर्गात प्रश्न विचारायलाही घाबरत होते. पण आईने शब्द दिला होता, म्हणून गेले.

काकांनी टेबलावर बुटांचा एक जुना खोका ठेवला. आत कॅसेट होत्या. प्रत्येकीवर बारीक, सरळ अक्षरात काही लिहिलेलं.

“ह्यांचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि जगाला ऐकवायचा. जमेल?”

“कसली गाणी आहेत काका?”

“अल्बेनियाची.”

मला वाटलं ते चेष्टा करतायत. अल्बेनिया कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि तसं कबूल करायची लाज वाटत होती. काकांनी ते ओळखलं असावं. ते म्हणाले, “माकापण म्हायत नव्हता. आमची बोट थंय बिघडली म्हणून कळला.” चिडले किंवा खुशीत आले की त्यांची मालवणी बाहेर यायची. एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे.

काका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. म्हणजे डोक्याला हेडफोन लावून, खरखरीतून दुसऱ्या बोटींचे आणि बंदरांचे निरोप वेचून काढायचे. पुढे उपग्रह आले आणि बोटींना या माणसांची गरज उरली नाही. काका घरी आले, भांडुपला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढे लोक वस्तू दुरुस्त करायचंच विसरले तेव्हा तेही बंद केलं. कान मात्र रेडिओ ऑफिसरचाच राहिला. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा फ्रिज बिघडणार, हे काकांनी त्यांना आठवडाभर आधी सांगितलं होतं. जोशीकाकू म्हणाल्या, “परब, तुम्ही माझ्या फ्रिजला नजर लावली.” काका म्हणाले, “नजर नाही, कान.”

तर तीसेक वर्षांपूर्वी त्यांची बोट गहू घेऊन अल्बेनियातल्या व्लोरा बंदराला गेली आणि इंजिन बंद पडून सात आठवडे तिथेच अडकली. काकांनी बंदरावरच्या एका खाणावळीचा रेडिओ दुरुस्त करून दिला. खाणावळवाल्याला इतका आनंद झाला की तो त्यांना डोंगरातल्या आपल्या गावी भाच्याच्या लग्नाला घेऊन गेला. जेवणं झाल्यावर टेबलाभोवती बसलेल्या पुरुषांनी गायला सुरुवात केली. वाद्य एकही नाही. एकाने गाणं उचललं, दुसऱ्याने ते परतवलं, आणि बाकी तिघं जण त्यांच्या मागे एकच स्वर धरून बसले. नुसता ‘ए’. शब्द नाही, चढउतार नाही. त्या धरलेल्या स्वराला तिकडे ‘इसो’ म्हणतात.

“मला आधी वाटलं कुठेतरी जनरेटर चालू आहे,” काका सांगायचे. “मग बघतो तर माणसं! आणि आवाज तुटतच नाही. श्वास कधी घेतात? मी गाणं सोडून त्यांच्या छात्याच बघत बसलो. एकाने घेतला की दोघं धरतात. मग दुसरा घेतो. कुणी कुणाला खूण करत नाही.”

काकांकडे बोटीवर छोटा टेपरेकॉर्डर असायचा, कारण काकी त्यांना पत्राऐवजी कॅसेट पाठवायच्या. घरचं सगळं बोलून ठेवायच्या. त्या दिवशी खिशात रेकॉर्डर होता, पण कोरी कॅसेट नव्हती. होती ती काकींची. काकांनी ती मागे गुंडाळली आणि काकींच्या बोलण्यावर गाणं रेकॉर्ड केलं.

“काकी रागावल्या नाहीत?” मी विचारलं.

“तिला सांगितलंच नाही. मनात म्हटलं, ही काय, घरी गेल्यावर पुन्हा बोलेल. हे गाणं पुन्हा नाही व्हायचं.”

एवढं बोलून ते कॅसेटचं झाकण उघडबंद करत राहिले. काकींना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

नंतर एका ग्रीक बोटीवरून त्यांनी कोऱ्या कॅसेट मिळवल्या आणि त्या गावी आणखी तीनदा गेले. पण पहिल्या दिवशीचं गाणं त्या पहिल्याच कॅसेटवर होतं. नऊ मिनिटं. ते संपलं की पुढे उरलेल्या काकी. मी कॅसेट लावली तेव्हा काका नवव्या मिनिटाला घड्याळाकडे बघत बसले आणि गाणं संपताच त्यांनी स्वतः बटण दाबलं. “पुढचं आपलं घरचं आहे,” ते म्हणाले. “ते नको.” त्यांनीही ते बरीच वर्षं ऐकलेलं नव्हतं.

काकांची एक वही होती. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक पान. त्यावर चार रकाने: ठिकाण, गाणं, पुढे कोण, मागे कोण. ‘पुढे कोण’मध्ये एक किंवा दोन नावं. ‘मागे कोण’ मात्र कधीकधी पान भरून. गाणं इंटरनेटवर चढवलं की खाली ही सगळी नावं मराठीत आणि इंग्रजीत लिहायची, हा त्यांचा नियम. मी एकदा कंटाळून म्हटलं, “काका, एवढी नावं कोण वाचणार?”

“ज्याचं त्यात असेल तो.”

ते फक्त परदेशातलंच रेकॉर्ड करायचे असं नाही. ते वेड तिथून लागलं, पण पुढे जिथे म्हणून चारजण मिळून गातात तिथे ते जायचे. मी त्यांच्यासोबत एकदा खारदांड्याला गेले होते, एका कोळी लग्नघरी. काकांच्या बोटीवरच्या जुन्या सोबत्याच्या नातीची हळद होती. म्हातारी बाई पुढे बसून गाणं सांगत होती आणि मागच्या सात-आठ बायका ते उचलत होत्या. काका मागे जाऊन बसले. हातातलं घड्याळ काढून त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकलं, कारण त्याची टिकटिक येते. माईकवर पायमोजा चढवला, कारण वारा लागतो. आणि माईक वळवला मागच्या बायकांकडे.

म्हातारीने गाणं अर्ध्यात थांबवलं. “अरे ए बाबा, मी हितं गातंय आनि तुजा माईक तिकरं काय करतंय?”

सगळ्या हसल्या. काका हात जोडून म्हणाले, “आजी, तुमचा आवाज पार समुद्रात होडीवर ऐकू जातो. ह्यांचा दारापर्यंत जात नाही. म्हणून ह्यांच्याकडे धरलाय.”

म्हातारीने विचार केला. “मंग बराबर हाय. पन नाव माजं पयलं लिव.”

गाणी झाल्यावर काका वही घेऊन मागच्या बायकांकडे गेले. एक बाई म्हणाली, “माझं कशाला? मी आपली नुसती मागून म्हणते.” काका पेन उघडून उभेच. शेवटी तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. काका म्हणाले, “त्यांचं नको ताई, ते कुठे गायले? तुमचं.” तिने पदर सारखा केला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग शाळेत हजेरीला सांगावं तसं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. परत येताना काका म्हणाले, “आजचा सगळ्यात चांगला आवाज तो होता.”

त्यांच्या घरी झालेली एक गंमत सांगते. मला ते ‘इसो’ प्रकरण डोक्यात शिरत नव्हतं. एकच तर स्वर, त्यात काय एवढं? काका म्हणाले, “बरं, धरून बघ.” आई स्वयंपाकघरातून आली, तिलाही उभं केलं. बाबा आईला न्यायला आले होते, ते चपला काढतच होते, त्यांनाही ओढलं. तेवढ्यात जोशीकाकू तक्रार घेऊन खाली आल्या.

“परब, तुमचं अल्बेनिया आज किती वाजता आटोपणार? आमच्याकडे पाहुणे यायचेत.”

“पाच मिनिटं. या, तुम्हीपण धरा.”

“मी?”

“रोज ऐकता ना फुकट? आज फेडा.”

आम्ही चौघांनी ‘ए’ धरला. दहा-बारा सेकंदांत सगळ्यांचा श्वास एकदम संपला आणि खोली शांत झाली.

“बुडाली बोट,” काका म्हणाले. “सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारचा कधी घेतोय ते ऐकायचं आणि तेव्हा आपण सोडायचं नाही. एवढंच आहे. पण हे एवढंच कुणाला जमत नाही.”

पुन्हा. पुन्हा. जोशीकाकूंना हसू येत होतं, आईला ठसका लागला. पाचव्या-सहाव्या खेपेला मात्र ते झालं. स्वर तुटला नाही. माझा श्वास संपला तेव्हा मला डाव्या बाजूला बाबांचा आवाज ऐकू आला, खाली, अगदी सपाट, हलत नव्हता. मी निवांत श्वास घेतला आणि परत आत शिरले.

थांबल्यावर काकांनी बाबांना विचारलं, “भालेकर, तुम्ही कुठे गाता?”

“नाय हो काका. आमच्या भजन मंडळात असतो. पण मी आपला कोरसलाच. गातात ते बुवा.”

“कोरसलाच म्हणजे काय? बुवांना विचारा कोरस नसला तर काय होतं.”

बाबा एका सोसायटीत वॉचमन आहेत. भजनाला जातात तेव्हा मागच्या रांगेत बसतात, आणि खरं सांगायचं तर मी लहानपणापासून मनात म्हणायचे की आपले बाबा नेहमी मागेच का. त्या दिवशी घरी जाताना ते चढावर हळू आवाजात ‘ए’ धरून बघत होते. आई म्हणाली, “लोक बघतायत.” ते थांबले नाहीत.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. ते टाळून काकांबद्दल लिहिता येणार नाही.

पहिल्या कॅसेटवर खरखर फार होती. बुरशी धरलेली, एकदा तुटून जोडलेली पट्टी. काका म्हणाले, “जरा साफ कर.” त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. त्यात, जिथे कुणी गात नाही असा छोटा तुकडा निवडायचा. म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की हा नको असलेला आवाज, आणि तो पूर्ण फाइलमधून काढून टाकतं. मी हेडफोन लावून असा तुकडा शोधला. दोन कडव्यांच्या मध्ये पुढचे दोघे थांबत होते. तिथे नुसता एक सलग, सपाट आवाज होता. मी तो निवडला. बटण दाबलं. खरखर गेली, गाणं काचेसारखं स्वच्छ झालं. मला इतका आनंद झाला की मी त्याच नावाने फाइल सेव्ह करून टाकली.

काकांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण नऊ मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “झकास.” आम्ही गाणं वर चढवलं, खाली नावं लिहिली.

तीन आठवड्यांनी एक निरोप आला. लिहिणारी बाई अल्बेनियाची, नाव द्रिता. इंग्रजी साधं होतं. मी वाचून दाखवलं. तिने आपल्या वडिलांचं नाव इंटरनेटवर शोधलं होतं, रमीझ, आणि त्यासोबत आपल्या गावाचं. आतापर्यंत कधी काही सापडलं नव्हतं. या वेळी काकांची यादी सापडली. काका गेले होते त्या भाच्याच्या लग्नानंतर चारच दिवसांनी रमीझ कामासाठी ग्रीसला गेले आणि तिकडेच अपघातात वारले. द्रिता तेव्हा दोन वर्षांची. तिच्याकडे त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं की तुझे वडील कधी पुढे गायले नाहीत, ते नेहमी इसो धरायचे.

शेवटी तिने लिहिलं होतं: ‘तुमच्या यादीत माझे वडील आहेत. पण गाण्यात ते नाहीत. मी वीस वेळा ऐकलं. तिथे मागे कुणीच नाही.’

काका म्हणाले, “काहीतरीच. आहेत की. लाव.”

मी लावलं. दोन माणसं गात होती. त्यांच्या मागे काहीच नव्हतं. मला तेव्हा कळलं मी काय केलंय. मी काकांना सांगितलं, कसं ते मला आठवत नाही, बहुतेक उलटसुलट सांगितलं. मूळ फाइल नाही, मी त्याच नावाने सेव्ह केली, तो आवाज मला मशीनचा वाटला.

काकांनी हेडफोन मागितला. पुन्हा ऐकलं. मग हळूच काढून ठेवला.

“पंखो समजून माणसा काढलंस गो,” ते म्हणाले. “तिघांच्या तिघां.”

मी रडायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “तू रडू नको. तुझं वय वीस, तू ते गाणं त्या टेबलाशी बसून कधी ऐकलं नव्हतंस. मी ऐकलं होतं. मी नऊ मिनिटं डोळे मिटून बसलो आणि झकास म्हणालो. कारण माझ्या कानात तो इसो होताच. मी कॅसेट ऐकतच नव्हतो, मी आपलं आठवत होतो.” आणि थोड्या वेळाने, “तीस वर्षं लोकांना सांगतोय, नीट ऐका म्हणून.”

उपाय एकच होता. कॅसेट पुन्हा लावायची. पण पहिल्या खेपेलाच डेकने ती पट्टी दोनदा गुंतवली होती आणि मधे एका जागी तिच्यावरचा तपकिरी थर सुटायला लागला होता. काकांनीच तेव्हा म्हटलं होतं की हिला आता हात लावायचा नाही. पट्टी तुटली, गुंडाळली गेली तर पुढचं सगळं जाणार. पुढचं म्हणजे काकी. त्यांचा तेवढाच आवाज उरला होता. बाकीच्या कॅसेट काकींनी स्वतः पुसून पुन्हापुन्हा वापरल्या होत्या.

मी म्हटलं, “काका, आपण तिला सांगू या ना की खराब झालं. ती समजून घेईल.”

“घेईल. समजूनच घेतलंय तिने एवढी वर्षं.”

त्यांनी चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत आई सांगायची, काका धड जेवत नाहीत, कॅसेट टेबलावर ठेवून समोर बसलेले असतात. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला बोलावलं. डेक उघडून, कापूस आणि स्पिरिट घेऊन आतली चाकं पुसून ठेवली होती. कॅसेटचा बारीक स्क्रू काढून पट्टी त्यांनी नव्या खोळीत भरली होती. ते करताना हात थरथरू नयेत म्हणून, म्हणाले, सकाळपासून चहा घेतला नाही.

जोशीकाकूंना सांगितलं होतं. त्यांनी मिक्सर बंद ठेवला, वर जिन्यात खुर्ची टाकून बसल्या, आणि खाली खेळायला जाणाऱ्या पोरांना दटावत राहिल्या. “हळू रे. परबांकडे ऑपरेशन आहे.”

काकांनी पंखा बंद केला. घड्याळ काढलं. मला म्हणाले, “तुझं रेकॉर्डिंग सुरू झालं की सांग. मग मी लावतो.”

“सुरू झालं.”

त्यांनी बटण दाबलं.

खरखर आली. मग एका माणसाने गाणं उचललं, दुसऱ्याने परतवलं, आणि त्यांच्या खालून तो आवाज आला. मी तो आधी ऐकला होता, पण ऐकला नव्हता. तिघांचा होता. आता मला कुठे कोण सोडतंय तेही कळत होतं. चौथ्या मिनिटाला पट्टी चरचरली, सूर वाकडा झाला. काकांनी कॅसेटच्या झाकणावर बोट ठेवलं, अगदी हलकं, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावं तसं. पट्टी सावरली. ते बोट त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही.

नऊ मिनिटं झाली. गाणं संपलं, कुणीतरी हसलं, पेला टेकवल्याचा आवाज आला. काकांचा दुसरा हात बटणाकडे गेला. आणि थांबला.

खट्ट झालं आणि मधूनच एक बाई बोलायला लागली.

“…म्हणून मी त्या वायरमनाक सांगलंय, आधी पंखो बघ, मगे चाय. तर म्हणता, वयनी, बेअरिंग गेलाहा. हो आवाज येताहा तो ऐकतास मां? नुसतो घूंऽऽ करता. चेडू म्हणता, आये, बंद कर. पण मी नाय करणंय. बंद केलंय काय घर अगदीच गप होता…”

काकींच्या आवाजामागे पंखा चालला होता. एकच स्वर, सलग. त्या कुठे थांबल्या, श्वास घेतला, की तेवढ्यात तो ऐकू यायचा.

दोन-तीन मिनिटं असेल. मुलीची शाळा, शेजारच्यांचं मांजर, गावाहून आलेली कोकमं. मग पट्टीच संपली आणि डेक आपोआप बंद झाला. काका वर बघत होते. छताला तोच पंखा होता. त्यांच्या लग्नानंतर घेतलेला.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. सवयीने म्हटलं, “काका, काकींचा वेगळा करून ठेवते. मागचा आवाज…”

“हात लावायचा नाही त्याला,” काका म्हणाले.

मग उठले आणि त्यांनी पंखा लावला. मी त्यांच्या घरी जायला लागल्यापासून, मी घरात असताना पंखा फिरलेला तो पहिला दिवस.

मी या वेळी फाइलच्या तीन प्रती केल्या. काहीही साफ केलं नाही. द्रिताला खरखरीसकट गाणं पाठवलं. तिचं उत्तर दोन दिवस आलं नाही. मग आलं. तिने गावातल्या एका म्हाताऱ्याला फोनवर ते ऐकवलं होतं. तो त्या टेबलाशी बसलेला होता. त्याने सांगितलं, तिघांतला जो सगळ्यात उशिरा श्वास घेतो, तो रमीझ. दुसऱ्यांचं होऊ द्यायचा आणि मग स्वतः घ्यायचा. द्रिताने लिहिलं होतं: ‘आता मला ते सापडतात. मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, आजोबा खूप वेळ थांबतात.’

काकांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग वही काढली, पहिलं पान उघडलं आणि रमीझच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं: उशिरा श्वास घेतो.

पुढच्या वर्षी त्यांची बिल्डिंग पाडायला काढली. पुनर्विकास. सगळे भाड्याच्या घरात गेले, जोशीकाकू मुलुंडला गेल्या. काका म्हणाले, नवीन बिल्डिंग होईस्तोवर मी राहीन याची गॅरंटी बिल्डर देतो का? मुलीने त्यांना गावी, कुडाळजवळ, आपल्या घराशेजारी जागा करून दिली. कॅसेटचा खोका त्यांनी माझ्याकडे दिला. वही मात्र स्वतःजवळ ठेवली.

ज्या दिवशी ते निघणार होते त्या दिवशी माझा पेपर होता. तो देऊन धावत गेले. टेम्पो भरून उभा होता, बाबा दोरी बांधायला मदत करत होते. काका वर आहेत म्हणाले.

दार उघडं होतं. खोलीत काहीच उरलं नव्हतं. भिंतीवर कपाटाच्या जागी पांढरा चौकोन. मधोमध काका एका पालथ्या बादलीवर बसले होते. हातातलं घड्याळ काढलेलं, मांडीवर छोटा रेकॉर्डर, माईकवर पायमोजा. वर पंखा फिरत होता, घूंऽऽ करत. वायरमन खाली थांबला होता, पंखा काढायचा राहिला होता.

मी दारात दिसताच त्यांनी हात वर केला. बोलू नकोस. मी चौकटीला टेकून उभी राहिले. धावून आल्यामुळे मला धाप लागली होती, ती दाबायचा प्रयत्न करत होते. पाचेक मिनिटं गेली असतील. काका ओठ किंचित उघडून बसले होते. नीट कान दिला तेव्हा कळलं की ते पंख्याच्या खाली, अगदी बारीक, स्वर धरून आहेत.

मग त्यांनी बटण बंद केलं. खिशातून वही काढली, नवीन पान उघडलं आणि लिहायला लागले. मी जवळ जाऊन बघितलं. ठिकाण: भांडुप, राहतं घर. ‘पुढे कोण’च्या रकान्यात एक आडवी रेघ. ‘मागे कोण’मध्ये पंखा, मग स्वतःचं नाव. आणि त्याखाली ते माझं लिहीत होते.

“काका, माझं कशाला?” मी म्हटलं. “मी तर नुसती उभी होते.”

त्यांनी मान वर केली नाही. माझं आडनाव पूर्ण केलं, खाली रेघ ओढली.

“श्वास घेत होतंस मां?” ते म्हणाले. “तो इलो त्यात.”